वास्तुकलेतील पीएच.डी. सोलापूरच्या घरांवर व्हावी

मा. संपादक यांस,
स. न.

वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी आणि त्यापुढची पदव्युत्तर पदवी झाल्यावर पीएच.डी. करावी का, असे सोलापुरातील तरुण वास्तुविशारद अलीकडे विचारू लागले आहेत. त्यांना मिळणारे उत्तर बहुधा नोकरीच्या अंगाने असते : महाविद्यालयात वरच्या पदावर जायचे असेल तर करा, एरवी व्यवसायात तिचा काय उपयोग? घर बांधून घेणारा मालक आर्किटेक्टला प्रबंधाचा विषय विचारत नाही, हे खरेच. तरीही ज्या जिल्ह्यातील बांधकामाचे बरेचसे ज्ञान अद्याप कोणी पद्धतशीरपणे मोजून नोंदवलेले नाही, तेथील उमेदवारांनी या पदवीकडे केवळ बढतीची पायरी म्हणून पाहू नये आणि विषय इथलाच निवडावा, असे मला वाटते.

माळवदाचे घर घ्या. जुन्या गावठाणांत जाड भिंतींची, लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेली, उजेडासाठी छतात साणे ठेवलेली घरे अजून तग धरून आहेत. पारा ४३ अंशांच्या वर गेला तरी ती गार राहतात, असे आपण सगळेच सांगतो. पण किती गार, दुपारी किती वाजेपर्यंत, आणि छतात साठलेली उष्णता रात्री खोलीत उतरू लागली की काय होते, हे वर्षभर तापमान व आर्द्रता नोंदवणारी यंत्रे घरात ठेवून आणि शेजारच्या स्लॅबच्या घराशी त्या नोंदी ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर माती टाकण्याची मजुरी किती पडते, ते काम जाणणारे किती जण उरले आहेत, गळतीला कंटाळून लोक पत्रे केव्हा घालतात, हेही त्याच अभ्यासात यायला हवे. घर गार असते म्हणून ते परवडतेच असे नाही. एवढे काम पदव्युत्तर प्रबंधाच्या सहा-आठ महिन्यांत बसत नाही.

सोलापूरजवळच्या कुंभारी गावचा विषय तर याहून निकडीचा आहे. तेथील गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ मध्ये विडी कामगार महिलांना १०,००० घरे मिळाली, आणि रे नगरच्या ३०,००० घरांच्या प्रकल्पातील पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. विडी घरीच वळली जाते. म्हणजे जिथे स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि झोप, तिथेच पाने भिजवणे, कापणे आणि तंबाखूची धूळ. नकाशात या कामाला जागा कुठे धरली होती, राहायला गेल्यावर बायकांनी ते प्रत्यक्षात कुठे मांडले, पुढे कोणी काय वाढवले आणि का, हे घरोघर फिरून मोजायला हवे. दोन पिढ्यांची वसाहत आणि तिच्या जवळच नवी वसाहत, अशी तुलनेची सोय अभ्यासकाला सहसा मिळत नाही. पूर्व भागातील यंत्रमागाची घरे आणि गिरण्यांच्या चाळी यांनाही हेच प्रश्न लावता येतील.

त्यासाठी व्यवसाय बंद करण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. अर्धवेळ करता येते. किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे आहे. नोकरदाराला संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. (स्वतःचे कार्यालय चालवणाऱ्याने ते कोणाकडून आणायचे, याचा खुलासा विद्यापीठांनी प्रवेशाच्या माहितीपत्रकातच केलेला बरा.) खरी अडचण मार्गदर्शकांची असते, कारण त्याच नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. मात्र मार्गदर्शक खरगपूर, रुरकी किंवा अहमदाबादचा असला, तरी मोजमाप सोलापुरातच करायचे आहे, आणि घरमालकिणीशी मराठीत, तेलुगूत किंवा कानडीत बोलू शकणारा इथला उमेदवार त्या मार्गदर्शकालाही हवाच असेल.

या अभ्यासकांसाठी दोन गोष्टी शहराने कराव्यात. महापालिकेने जुन्या बांधकाम परवान्यांच्या नकाशांची संगणकीय प्रत काढून, मालकांची नावे झाकून, नोंदणीकृत संशोधकांना ती पाहू द्यावी. कागद जीर्ण होण्याआधी हे काम येत्या अंदाजपत्रकात धरावे. दुसरे असे की, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, गेला तरी तो बहुधा इंग्रजीत असतो आणि ज्यांच्या घरांवर तो लिहिला त्यांना तो वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक अभ्यासकाने मोजमापांच्या नकाशांसह वीस-पंचवीस पानांचा मराठी सारांश तयार करून त्याची एक प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि एक महापालिकेच्या नगररचना विभागात द्यावी.

आपला विश्वासू,
एक वास्तुविशारद, सोलापूर