परिवहनमंत्र्यांना खुलं पत्र: ब्रेक सुधारले म्हणून गाडी नापास?

मा. परिवहनमंत्री,
स.न.वि.वि.

परवा माझी गाडी तपासणीत नापास झाली. ही गाडी मी रेसिंग ट्रॅकवरही चालवतो. शेरा काय, तर 'सस्पेन्शन व ब्रेकमध्ये अनधिकृत बदल'. तुमच्याच खात्याने सांगितलं होतं की सेफ्टीसाठी केलेल्या बदलांना रीतसर मंजुरी देऊ, फॉर्म येतोय, थांबा. थांबलो. फॉर्म आलाच नाही, शेरा तेवढा आला.

तपासणी कशी झाली तेही ऐका. साहेबांनी चाकाच्या कमानीला टेप लावली, वाकून मोबाइलचा टॉर्च मारला, मी बदललेली निळी स्प्रिंग दिसली आणि लिहून मोकळे. मी म्हटलं, साहेब, ब्रेक तपासायच्या रोलरवर गाडी घ्या, ब्रेक किती लागतो, डावी-उजवी बाजू सारखी लागते का ते मशीनवर बघा, तर म्हणे गरज नाही, ओरिजिनल करून आणा. माझ्या पुढच्या गाडीचे टायर तळहातासारखे गुळगुळीत, ती पास!

ओरिजिनल काय असतं ते मला विचारा ना. स्पीड दुप्पट झाला की ब्रेकला चौपट एनर्जी जिरवावी लागते, आणि ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला पुन्हा पुन्हा, डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही. ओरिजिनल ब्रेक होते तेव्हा एकदा ट्रॅकचा सरळ पट्टा संपताना मी पेडल दाबलं आणि ते थेट फ्लोअरला टेकलं. जळक्या पॅडचा वास, समोर टायरची भिंत, मी नुसता पेडल पंप करतोय, कसंबसं प्रेशर आलं आणि गाडी खडीत रुतून थांबली. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, घरच्यांना आजही पूर्ण सांगितलेलं नाही. ब्रेक फ्लुइड उकळलं होतं. ते हवेतली ओल ओढतं, डॉट 4 दर्जाचं फ्लुइड नवं असताना किमान 230 डिग्री सहन करतं पण पाणी मुरलं की हाच आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो, मग पायाचा सगळा जोर वाफेचे बुडबुडे दाबण्यातच जातो, पॅडपर्यंत काही पोचत नाही.

म्हणून जास्त तापमानाचं फ्लुइड, स्टील ब्रेडेड होज (स्टीलच्या जाळीने मढवलेले ब्रेकचे पाइप), मोठ्या व्हेंटिलेटेड, म्हणजे आतून हवा खेळणाऱ्या डिस्क आणि डिस्कवर पॅड दाबणारे चार पिस्टनचे कॅलिपर बसवले. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन) घातले, पुढे निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकांचा वरून आत झुकलेला कोन वाढवला, कारण वळणात गाडी कलली की टायरच्या बाहेरच्या कडेवरच सगळा भार येतो आणि ती कड झिजून जाते. साउंड सिस्टिम नाही लावली मी, गाडी थांबावी म्हणून पैसे घातलेत.

आणि सगळेच बदल चांगले असं माझं म्हणणं नाही. पक्के रेसिंग पॅड रस्त्यावर नकोतच, थंड असताना ते नीट पकडत नाहीत, मी ते ट्रॅकवर पोचून बदलतो. ग्राइंडरने स्प्रिंग कापणाऱ्यांना जरूर धरा, तशी स्प्रिंग मोठ्या खड्ड्यात जागेवरून निसटू शकते. पण तुमच्या लेखी तो आणि मी सारखेच!

जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्थेचा तज्ज्ञ पार्टचे टेस्टचे कागद बघतो, गाडी तपासतो आणि बदल गाडीच्या कागदावर चढतो. एवढंच मागतोय हो. तज्ज्ञाकडून तपासणी, रोलरवर खरी टेस्ट, कागदावर नोंद. फी घ्या, आम्ही भरू.

पण खरं दुखणं वेगळंच आहे, तुमच्या सगळ्या यंत्रणेला गाडी थांबते का याच्याशी देणंघेणंच नाही, कागद जुळला की संपलं. टॅक्स वेळेवर पाहिजे, दंड जागच्या जागी पाहिजे, आणि नागरिकाने साधा प्रश्न विचारला की साहेब मीटिंगमध्ये. पोरं रात्री रस्त्यावर रेस लावतात म्हणून भाषणं करता, आणि जो हेल्मेट घालून, मार्शल आणि ॲम्ब्युलन्स असलेल्या ट्रॅकवर जातो त्याचीच गाडी अडवता.

मी जुने ब्रेक परत बसवणार नाही. फॉर्म कधी येणार ते लेखी कळवा, आणि तोवर माझी गाडी रोलरवर घेऊन पुन्हा तपासायचा आदेश द्या.

एक करदाता