दोनशे अडतीस मुळांचं कलम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी एप्रिल आला की जपानच्या चेरी फुलोऱ्याचे फोटो आपल्याकडे मोबाइलवर फिरू लागतात. ते बहुतेक टोकियो-क्योटोच्या बागांमधले असतात. माझा मुलगा नागोयाला नोकरीला आहे, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये तिकडे जाणं झालं. ऐन आंब्याच्या हंगामात बाग सोडून निघालो, यावरून घरी काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही.

मुलाने मला गिफू प्रांतातल्या नेओ खोऱ्यात नेलं. ओगाकीहून डिझेलची छोटीशी गाडी नदीच्या काठाकाठाने डोंगरात शिरते आणि तारुमी या शेवटच्या स्टेशनात थांबते. तिथून चढाची वाट. वर 'उसुझुमी-झाकुरा' नावाची म्हातारी चेरी उभी आहे. वय दीड हजार वर्षांहून जास्त सांगतात, बुंध्याचा घेर सुमारे १० मीटर. उसुझुमी म्हणजे फिकी शाई. कळ्या गुलाबी, उमललेलं फूल पांढरं, आणि गळायच्या वेळी पाकळीवर किंचित राखी झाक येते, तिच्यावरून हे नाव. आम्ही पोचलो तेव्हा निम्मी फुलं गळायला लागली होती. पाकळी तळहातावर घेऊन पाहिली. धुतलेल्या धोतरावर शाईचा पुसट डाग राहावा तसा रंग.

पण मी कलमं बांधणारा माणूस, माझं लक्ष फुलांपेक्षा खाली. आडव्या फांद्यांना ठिकठिकाणी लाकडी टेकू, आणि मुळांवर पाय पडू नये म्हणून भोवती कुंपण. १९२२ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक ठरलेलं हे झाड आता मरणार, असं १९४८ च्या सुमारास जाणकारांनी सांगितलं होतं. तेव्हा गिफूच्या एका दंतवैद्याने, माएदा रिग्यो यांनी, भोवतीची माती उकरली, मेलेली मुळं काढली आणि कोवळ्या चेरीच्या २३८ मुळांचं कलम या म्हाताऱ्या मुळांवर बांधलं. दाताचा डॉक्टर! आम्ही खुंटावर फांदी बांधतो. मुळाला मूळ जोडायचं माझ्या तरी कधी डोक्यात आलं नव्हतं. झाड जगलं. १९५९ च्या वादळाने पुन्हा मोठ्या फांद्या मोडल्या, तेव्हा उनो चियो या लेखिकेने १९६७ मध्ये प्रांताच्या गव्हर्नरना पत्र लिहिलं आणि जपणुकीची कामं पुन्हा सुरू झाली.

म्हणून मीही पत्रच लिहितोय. आमच्या गावच्या देवळापुढे जुना वड आहे. वड आपले टेकू आपणच उभे करतो, पारंबी जमिनीत रुजली की तिचाच खांब होतो. पण गाड्या लावायला अडचण होते म्हणून पारंब्या दरवर्षी छाटल्या जातात, आणि गेल्या वर्षी सुशोभीकरणात पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले. पावसाचं पाणी आता मुरत नाही, गटारात जातं. राज्याच्या कायद्यात २०२१ पासून शहरी भागातल्या पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हटलंय, पण आमचं गाव शहरी भागात येत नाही.

बुंध्याभोवतीचे तेवढे ब्लॉक काढले आणि दोन पारंब्या खाली येऊ दिल्या, तर खर्च फारसा नाही. ब्लॉक उचलायला मी आणि बागेतले दोन गडी येऊ. मात्र हापूस उतरवून झाल्यावर.

– आपला एक वाचक, जि. रत्नागिरी