तुला दारातून हाकललं, त्याची हकिगत

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. 'तीन दिवस तुझा सर्व्हर मला आत घेत नाहीये, मी तुझं काय घोडं मारलंय?' तू काहीच केलेलं नाहीस रे. माझी वेबसाइट ज्या मशीनवर आहे त्या सर्व्हरवर तुला मीच ब्लॉक केलं होतं. मुद्दाम नव्हे, पण चूक सगळी माझी, म्हणून सविस्तर लिहितो.

एरवी मी लॉगकडे, म्हणजे कोण कधी येऊन काय मागून गेलं त्या नोंदवहीकडे, ढुंकूनही बघत नाही. डिस्क भरत आली म्हणून ॲक्सेस लॉग उघडला, तर पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) एका सेकंदात नऊ रिक्वेस्ट, म्हणजे नऊ मागण्या. वर्डप्रेसचं लॉगिन, पीएचपीमायॲडमिन, पासवर्ड ठेवतात ती डॉट-एन्व्ह फाइल, गिटचं कॉन्फिग, बॅकअप डॉट झिप... गंमत म्हणजे माझ्याकडे वर्डप्रेस सोड, पीएचपीसुद्धा नाही. नुसत्या एचटीएमएल फाइली आणि फोटो. म्हणजे हा बॉट, आपोआप फिरणारा प्रोग्रॅम, काही माझ्या मागावर नव्हता. गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघत चालला होता.

'आपल्या एवढ्याशा सर्व्हरला कोण विचारतंय' हा माझा समज तिथेच गेला. आयपीव्ही४चे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आयपीचे, पत्ते मिळून साधारण ४२९ कोटी. एक गिगाबिट जोडणी असलेलं एकच मशीन ते सगळे पाऊण तासाच्या आत चाळू शकतं, हे २०१३ साली झेडमॅप नावाच्या स्कॅनिंग प्रोग्रॅमने करून दाखवलंय. लपणार कुठे? बरं, साइटच्या सुरक्षित जोडणीसाठी (एचटीटीपीएस) नवं सर्टिफिकेट घेतलं की त्याची नोंद सार्वजनिक यादीत जाते आणि ती यादी बॉटही वाचतात. मागे मी एक सबडोमेन काढलं होतं, कुणालाच सांगितलं नव्हतं, तरी काही मिनिटांत पहिली थाप पडली!

मग मी पेटलो. आधी रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे बॉटांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल, नीट लिहिली. ही १९९४ पासूनची रीत, पण पाळणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. जो ती वाचून मागे फिरतो तो चोरून डॉट-एन्व्ह मागणारा नसतोच. नंतर यूजर-एजंटची, म्हणजे येणारा स्वतःची ओळख म्हणून सांगतो ती, नावं बघून अडवायला लागलो, तर निम्मे 'मी क्रोम' म्हणून येतात आणि काही चक्क 'मी गूगलबॉट' (गूगल सर्चचा बॉट) म्हणून. गूगलबॉटची खातरजमा तशी सोपी आहे. आयपीवरून रिव्हर्स डीएनएसने (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या सोयीने) नाव काढायचं, ते गूगलबॉट डॉट कॉमवर संपतंय का बघायचं आणि त्या नावावरून उलट तोच आयपी मिळतो का तपासायचं. गूगलच्या दुसऱ्या काही बॉटांची नावं वेगळी संपतात, पण माझ्याकडे आलेल्या तोतयांना एवढी चाळणी पुरली.

इथे थांबलो असतो तर तुला हे पत्र आलं नसतं. पण मी आयपी मोजत बसलो. आज एक अडवला की उद्या शेजारचा हजर. चिडून २५६ पत्त्यांचा अख्खा पट्टा बंद केला. मग एका रात्री झोप डोळ्यांवर असताना एकदम स्लॅश १६, म्हणजे ६५,५३६ पत्ते, आणि तेही कायमचे. तुझ्या मोबाइल कंपनीचा पट्टा त्यातच होता. या कंपन्या एकेका सार्वजनिक आयपीमागे कितीतरी ग्राहक बसवतात, त्यामुळे सुक्याबरोबर ओलंही जळालं, आणि त्या ओल्यात तू. (एकदा मी स्वतःही बाहेर अडकलो होतो. सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या एसएसएचचा पासवर्ड पाच वेळा चुकवला आणि लॉग वाचून आयपीवर बंदी घालणाऱ्या फेल२बॅन प्रोग्रॅमने मलाच हाकललं. आता पासवर्डने लॉगिनच बंद, फक्त की, म्हणजे माझ्या मशीनवरची किल्ली-फाइल.)

काल ते सगळे पट्टे काढून टाकले. आता कोण कुठून आलाय हे बघतच नाही, आल्यावर काय करतो तेवढं बघतो. वर्डप्रेसचं लॉगिन माझ्याकडे नाहीच, मग ते मागणारा वाचक असायचं कारण नाही. अशा रिक्वेस्टला एनजिनएक्स (माझा वेबसर्व्हर प्रोग्रॅम) ४४४ देतं. हा त्याचा घरगुती कोड, म्हणजे अवाक्षर न बोलता जोडणी तोडायची. त्या ओळी फेल२बॅन वाचतं आणि तीनदा तसं झालं की एक दिवस बंदी घालतं. कायमची बंदी बंद, कारण आज बॉटकडे असलेला आयपी उद्या एखाद्या भल्या माणसाकडे जातो. जोडीला रिक्वेस्टच्या वेगावर मर्यादा आहे, पण बर्स्ट, म्हणजे एकदम येणाऱ्या मागण्यांची सूट, सैल ठेवलाय. एकच पान उघडलं तरी ब्राउझर वीस फोटो एकदम मागतो, त्यात त्याचा काय दोष? मर्यादा ओलांडली तर एनजिनएक्स मुळात ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देतं, ते बदलून ४२९ (फार मागण्या झाल्या) केलं. नाहीतर लॉग बघताना आपलाच सर्व्हर बसला असं वाटून जीव जातो.

एक जात मात्र अजून हाती लागत नाही. हजारो घरगुती आयपी, प्रत्येकावरून एकच पान, वेग अगदी माणसासारखा. त्यांना सोडून दिलंय. साध्या फाइली वाढायला सर्व्हरला फारसा त्रास होत नाही. खरं सांगू? निम्मं ब्लॉकिंग मी रिक्वेस्टचा आलेख स्वच्छ दिसावा म्हणूनच करत होतो.

तर आता वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच एकदा उघडून बघ. पुन्हा ४०३ (प्रवेश नाही) आलं तर नेमकी वेळ मिनिटासकट कळव, म्हणजे लॉगमध्ये तुझी ओळ शोधतो.

तुझाच,
दारावरचा आगाऊ पहारेकरी