खुले पत्र: थेटफर्डला न आलेल्या मंत्रिमहोदयांना

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता आपण इंग्लंडातल्या थेटफर्डला येणार होता. आदल्या आठवड्यात लंडनच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन आपण स्वतःच जाहीर केलं होतं, की ज्याचं पुस्तक वाचून जोतीराव पेटून उठले त्या थॉमस पेनच्या गावी मी जाणार, त्याच्या पुतळ्याला हार घालणार आणि जोतीरावांचं नाव असलेला मराठी फलक तिथे शासनाच्या खर्चानं लावणार. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शनिवारी दुपारी आपल्या स्वीय सहायकांचा मेसेज आला: 'साहेबांचा कार्यक्रम बदलला आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.' संध्याकाळी आपल्या फेसबुकवर फोटो झळकले, ते एका आउटलेट मॉलचे. हातात पिशव्या बऱ्याच होत्या. अभ्यासदौरा म्हटल्यावर अभ्यासाचं साहित्य लागणारच.

मंत्र्यांना कामं असतात, हे मला कळतं. पण मी इथल्या एका केअर होममध्ये रात्रपाळी करतो. म्हाताऱ्या माणसांना उचलून-बसवून माझी कंबर गेलेली आहे. त्या दिवशी रात्रपाळी संपवून, न झोपता, तसाच किंग स्ट्रीटवर येऊन उभा राहिलो. इथे फुलांचा तयार हार मिळत नाही, म्हणून बायकोनं पहाटे उठून सुपरमार्केटातल्या शेवंतीचा हार ओवला. नॉर्विचहून, केंब्रिजहून मराठी कुटुंबं आली होती. पोरांना फेटे बांधले होते आणि नॉरफकचा वारा ते सोडवत होता. बॅनरचे पैसे माझ्या खिशातून गेले, त्यावर आपला फोटो पेनपेक्षा मोठा होता (तशी सूचना आपल्याच कार्यालयाकडून आली होती). शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका मुद्दाम थांबल्या होत्या, भारतातला मंत्री बघायला. शेवटी त्या म्हणाल्या, आमचेही असेच करतात. बाईंनी सांत्वन म्हणून म्हटलं, पण मला ते जास्तच लागलं.

आता आपण कुठे आला नाहीत, तेही सांगतो. भाषणात आपण पेनला 'अमेरिकेचे थोर विचारवंत' म्हणालात. साहेब, तो इथला. 1737 साली याच थेटफर्डमध्ये जन्मला. बाप क्वेकर पंथाचा, बायकांच्या कॉर्सेट शिवणारा कारागीर. पोरगा इथल्या ग्रामर स्कूलमध्ये काही वर्षं शिकला आणि मग बापाच्याच धंद्याला लागला. पुढे तो अबकारी खात्यात नोकरीला होता, म्हणजे सरकारी कर्मचारीच. पगार वर्षाला पन्नास पौंड, त्यातच घोडा सांभाळायचा, त्यातच फिरतीचा खर्च. 1772 मध्ये त्यानं खात्यातल्या लोकांच्या वतीनं पगारवाढीचं निवेदन लिहिलं, छापलं, लंडनला जाऊन खासदारांना वाटलं. पगार वाढला नाही. 1774 मध्ये त्याला कामावरून काढलं. कारण दाखवलं, परवानगीशिवाय गैरहजेरी. ओळखीचं वाटतं ना? आपल्या मंत्रालयात ती फाइल अजूनही चालून जाईल.

मग तो अमेरिकेला गेला आणि 1776 च्या जानेवारीत, इंग्लंडच्या राजापासून सुटा सांगणारी 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका काढली. लाखभर प्रती खपल्या म्हणतात, कुणी पाच लाखही सांगतात. नक्की किती ते सोडा, एका राजाची झोप उडवण्याइतक्या खपल्या. 1791-92 मध्ये 'राइट्स ऑफ मॅन'चे दोन भाग आले, तेव्हा इंग्लंडच्या सरकारनं त्याच्या पाठीमागे राजद्रोहाचा खटला चालवून त्याला दोषी ठरवलं. गावोगाव त्याचे पुतळे जाळले. फ्रान्सनं त्याला डोक्यावर घेतलं आणि राजाला देहदंड देऊ नका म्हणाला म्हणून पुढे तुरुंगातही टाकलं. 1809 मध्ये न्यूयॉर्कला मेला तेव्हा अंत्ययात्रेला सहाच माणसं होती म्हणतात. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकारानं त्याची हाडं उकरून इंग्लंडला आणली, मोठं स्मारक बांधीन म्हणून. स्मारक झालं नाही आणि हाडंही हरवली. स्मारकाची घोषणा करून मोकळं होण्याची परंपरा किती जुनी आहे बघा.

असा हा माणूस 1847 च्या सुमारास पुण्यात विशीतल्या एका माळ्याच्या पोराच्या हातात पडला. जोतीरावांनी 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं आणि दुसऱ्या वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. सगळं श्रेय पेनला देण्याइतका मी खुळा नाही. जोतीरावांचा जाळ त्यांचा स्वतःचा होता. पण नॉरफकमधल्या कॉर्सेटवाल्याचा मुलगा आणि गोऱ्हे-माळी घराण्यातला मुलगा यांची गाठ पडली, ही एवढी मोठी गोष्ट इथे कुणाला ठाऊक नाही. पुतळ्याजवळ तीन ओळी लिहाव्यात, एवढंच मागणं होतं. माझं गाव सातारा जिल्ह्यातलं, फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्यापासून लांब नाही. म्हणून जीव तुटतो.

पुतळा बघायला हवा होता आपण. किंग्ज हाउससमोर, सोनेरी, एका हातात पिसाची लेखणी, दुसऱ्या हातात 'राइट्स ऑफ मॅन', आणि ते पुस्तक उलटं धरलेलं. शिल्पकार चार्ल्स व्हीलर. लोकांनी थांबून विचारावं म्हणून मुद्दाम तसं केलं, असं सांगतात. 1964 मध्ये हा पुतळा अमेरिकेतल्या लोकांनी भेट दिला, तेव्हाही गावातल्या काहींनी नाकं मुरडली होती. आपल्या दालनात काचेच्या कपाटात समग्र फुले वाङ्मय सरळ ठेवलेलं असेल, यात शंका नाही. त्याची पानं कापलेली आहेत का, एवढं पीएला विचारा.

पंजाबी लोकांनी काय केलं ते याच गावात आहे. दहाच मिनिटं चाललं की बटन आयलंडवर महाराजा दुलीपसिंगांचा घोड्यावरचा पुतळा. लाहोरचं राज्य गेलेला, कोहिनूर गेलेला पोर, तो इथून जवळच एल्व्हडनला जमीनदार होऊन राहिला. 1893 मध्ये पॅरिसला वारला आणि एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात पुरला. शीख मंडळींनी वर्गणी, पाठपुरावा, सगळं केलं आणि 1999 मध्ये खुद्द प्रिन्स चार्ल्सच्या हस्ते अनावरण करून घेतलं. आज बर्मिंगहॅमहून बसेस भरून लोक येतात. दुलीपसिंगांचा मुलगा फ्रेडरिक, त्यानं इथलं जुनं घर विकत घेऊन संग्रहालयासाठी गावाला देऊन टाकलं. 1904 मध्ये याच गावानं बहामात जन्मलेल्या डॉ. अ‍ॅलन मिन्स या काळ्या डॉक्टराला महापौर केलं. तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं, ते तुम्हीच भाषणात सांगता, दर अकरा एप्रिलला. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतला एक कॅप्टनसुद्धा नदीकाठी बाकावर ब्राँझचा बसलाय, कारण तिचं चित्रीकरण या परिसरात झालं. म्हणजे न जन्मलेल्या माणसाला जागा आहे आणि जोतीरावांना तीन ओळी नाहीत.

पैसे नाहीत म्हणू नका. लंडनमध्ये बाबासाहेब राहिले ते घर 2015 मध्ये घेतलं, तीस कोटींना की पस्तीस, आकडा वर्तमानपत्रागणिक बदलत होता. चांगलं केलंत, मीही जाऊन पाया पडून आलो. 2024 मध्ये वाघनखं आणलीत, तीही तीन वर्षांच्या उसन्या बोलीवर, आणि मिरवणूक अशी, की जणू व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमवर स्वारी करून आणली. या दौऱ्याचा खर्च किती झाला ते आम्हाला कोण सांगणार? फलकाला त्यातल्या विमानाच्या एका वरच्या वर्गाच्या तिकिटाइतकेही लागणार नाहीत. भिडे वाड्याचं काय झालं तेही आम्ही बघितलंय. शाळा 1848 ची, आणि वाडा मोकळा व्हायला 2023 उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन.

आणि आता निघालंच आहे तर ऐका. याच पेननं 1797 मध्ये छापलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाला वर्षाला दहा पौंड मिळाले पाहिजेत, मेहेरबानी म्हणून नव्हे तर हक्क म्हणून, कारण जमीन मुळात सगळ्यांची. गावाकडे माझी आई आहे. तिचे म्हातारपणाचे पैसे एका कचेरीत अडकलेत. जन्मभर शेण-माती काढून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, मशीनवर अंगठा उमटत नाही. तिथले साहेब म्हणतात, हयातीचा दाखला आणा. समोर उभी असलेली बाई जिवंत आहे याला साहेबांना कागद हवा. मी इथे परक्यांच्या आयांना भरवतो आणि माझी आई एसटीनं कचेरीच्या पायऱ्या झिजवते. दोष त्या क्लार्कचा नाही म्हणे, सिस्टीम डाऊन आहे. सिस्टीम तुमच्या वेळी बरोबर चालू असते, विमान चुकत नाही, मॉल चुकत नाही. फक्त आमच्याशी गाठ पडायची वेळ आली की तिला काहीतरी होतं. पेनच्या वेळचं सरकार निदान त्याला घाबरलं, खटला तरी भरला. आम्हाला तुम्ही हार घालायला सांगता.

असो. इथल्या जाणत्या मंडळींशी बोललो. ते म्हणाले, महाराष्ट्र शासनाचं अधिकृत पत्र असेल तर आपल्याला कुणाला तरी भेटता येईल, नुसत्या तुमच्या शब्दावर नाही. तेव्हा पैसे नकोत, या वेळी येऊही नका. आपल्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र द्या. वर्गणी आम्ही काढू. फलकावर पेनचं नाव असेल, जोतीरावांचं असेल, आणि सोबत सावित्रीबाईंचंही. 'यांच्या शुभहस्ते' ही ओळ असणार नाही.

आपला,
रात्रपाळीचा एक मराठी कामगार, थेटफर्ड, नॉरफक

ता. क. आईच्या अर्जाचा क्रमांक आपल्या पीएंना पाठवला आहे. त्यांनी निळी खूण येईपर्यंत वाचलाय. उत्तर मराठीत, इंग्रजीत, कसंही चालेल.