जोत्याची ओल आणि पेव्हर ब्लॉक

मा. संपादक,
सध्या आमच्या कोकणात जो तो खळ्यात, म्हणजे अंगणात, पेव्हर ब्लॉक टाकतोय, त्यावर थोडं लिहितो. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आजोबांनी जोतं चांगलं दोन फूट उंच घेतलेलं. मी तीन वर्षांपूर्वी भराव टाकून ब्लॉक बसवले, तेव्हा गडी म्हणाला लेव्हल मस्त येईल, आली पण जोतं जेमतेम सहा इंच उरलं आणि वरून उतार घराकडे! पहिल्याच पावसात पागोळ्यांचं पाणी पायाशी साचायला लागलं. आता देवघराच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल, रंगाचे पापुद्रे, मागे मिठासारखी पांढरी पूड आणि चौकटीला वाळवी.

चिरा भोकाभोकांचा, खालचं पाणी वर शोषून घेतो. नवीन घरात जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल वर चढू न देणारा, थर असतो म्हणून ओल तिथेच अडते, जुन्या घरांना तो नाहीच. मी आधी वॉटरप्रूफ पेंट मारला, पैसे फुकट, ओल रंगाच्या वर चढली. शेवटी भिंतीलगतचे तीन फूट ब्लॉक काढले, माती खाली घेतली, उतार बाहेर दिला, पागोळीखाली गटार काढलं आणि खालचा सिमेंटचा गिलावा फोडून चुन्याचा केला, कारण चुन्यातून ओल बाहेर पडून सुकते. भिंत अजून सुकतेय, चिरा काय लगेच सुकत नाही.

ब्लॉक टाका हो, पण आधी जोतं किती उरतंय ते टेपने मोजा, दीड फूट तरी ठेवा.

- एक वाचक, कुडाळ