न तपासता दिलेली क्लासिक गाडी आणि अर्ध्यावर राहिलेली सहल : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कौटुंबिक सहलीसाठी भाड्याने घेतलेली १९६५ सालची फोक्सवॅगन बीटल रस्त्यात बंद पडल्याबद्दल, तपासणीपत्रकातील खोट्या नोंदींबद्दल आणि भाडे परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

सहलीवरून परत आल्यावर मी तुमच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा मला उत्तर मिळाले, "मॅडम, जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार व्हायचंच." ई-मेलला आलेले उत्तरही तेच होते, फक्त भाषा जास्त सभ्य होती. म्हणून हे सविस्तर पत्र लिहिते आहे. गाडी जुनी होती म्हणून बंद पडली, हे मला मान्य नाही. ती न तपासता आमच्या हाती दिली म्हणून बंद पडली, आणि याचा पुरावा तुमच्याच कागदावर आहे.

गाडी ताब्यात देताना तुम्ही मला एक तपासणीपत्रक दिले. त्यावर आदल्या दिवसाची तारीख आहे, तपासणाऱ्याची सही आहे आणि प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण आहे. त्यातली एक ओळ अशी : "कूलंटची पातळी – योग्य". कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आणि या बीटलमध्ये ते नसतेच. रेडिएटर नसतो, पाण्याचा एकही पाइप नसतो. इंजिन मागे असते आणि ते पंख्याच्या हवेवर थंड होते. ज्याने या गाडीचे मागचे झाकण एकदा तरी उघडून आत पाहिले असेल, तो या ओळीसमोर खूण करूच शकत नाही. याचा अर्थ सरळ आहे. सगळ्या गाड्यांसाठी छापलेला एकच कागद घेऊन कोणीतरी वरपासून खालपर्यंत खुणा करत गेले. त्याच कागदावर "फॅन बेल्ट – योग्य", "पेट्रोल पाइप – योग्य" आणि "टायर – नवीन" असेही लिहिले आहे. या तिन्ही नोंदी चुकीच्या निघाल्या.

ही गाडी आम्ही का निवडली, तेही सांगते. माझ्या वडिलांनी उमेदीची बरीच वर्षे बीटल चालवली. नातवंडांना तिच्या मागच्या सीटवर बसवून एकदा लांबचा प्रवास करायचा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. आता ते स्वतः लांब पल्ल्याचे ड्रायव्हिंग करत नाहीत, म्हणून चालवणार मी आणि शेजारी बसून सांगणार ते, असे ठरले. बुकिंग करताना मी हे सगळे तुमच्या प्रतिनिधीला सांगितले होते. गाडीत वयस्कर माणूस आणि दोन लहान मुले असणार, रस्त्यात घाट लागणार, तेव्हा गाडी त्या दृष्टीने तयार ठेवा, असे लेखी कळवले होते. "लांबच्या प्रवासासाठी पूर्णपणे सज्ज" हे शब्द तुमच्या उत्तरातले आहेत.

जे चांगले होते ते नाकारत नाही. गाडीचा रंग, आतल्या सीटची शिलाई, दारांच्या कड्या, सगळे फार निगुतीने राखलेले होते. मूळ गाडीत नसलेले सीट बेल्ट तुम्ही मागच्या सीटलाही बसवून घेतले आहेत, ते बघून मला बरे वाटले. गाडी द्यायला आलेला तरुणही नम्र होता. पण त्याने बराच वेळ कुठे ओरखडा आहे का, याचे फोटो काढण्यात घालवला, आणि डॅशबोर्डवरचा कोणता दिवा लागला तर गाडी ताबडतोब थांबवायची, हे मात्र सांगितले नाही. बीटलमध्ये ही एक गोष्ट प्रत्येक चालकाला माहीत असायलाच हवी. फिरणाऱ्या ज्या दांड्यावर वीज तयार करणारा डायनॅमो आहे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला इंजिन थंड करणारा पंखा आहे, आणि दोन्हींना फिरवणारा पट्टा, म्हणजे फॅन बेल्ट, एकच. तो तुटला की चार्जिंग बंद होते आणि त्याच क्षणी पंखाही थांबतो. तापमान दाखवणारा काटा या गाडीत नाही. चार्जिंगचा लाल दिवा हीच काय ती सूचना. दुसऱ्या एखाद्या गाडीत चार्जिंगचा दिवा लागला तर माणूस पुढच्या गावापर्यंत जाऊ शकतो. इथे तसे केले तर इंजिन जाते.

घाट चढताना तो दिवा लागला. बाबा शेजारी होते म्हणून त्यांनी लगेच "गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर" असे सांगितले. ते नसते तर तुमच्याकडून मला यातले काहीच कळलेले नव्हते. तुमचे इंजिन आज शाबूत आहे ते त्यांच्यामुळे.

मागचे झाकण उघडले तेव्हा पट्टा तुटून खाली पडला होता. मी हेल्पलाइनला फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला. तुमच्या माणसाने विचारले, "डिकीत जादा पट्टा आहे, तो बसवता येतो का बघता?" हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्या ई-मेलमध्ये "ग्राहकाने परवानगीशिवाय इंजिनला हात लावला, त्यामुळे अटींचा भंग झाला" असे म्हटले आहे. हात लावायला तुमच्याच माणसाने सांगितले. त्या कॉलची वेळ माझ्या फोनमध्ये आहे.

आता जे पुढे दिसले ते नीट वाचावे, ही विनंती. बीटलच्या डायनॅमोची पुली, म्हणजे पट्टा ज्यावर बसतो ते चाक, दोन अर्ध्या तबकड्यांची असते. पट्टा घट्ट किंवा सैल करायचा तो या दोन तबकड्यांच्या मध्ये बसणाऱ्या पातळ चकत्या कमी-जास्त करून. मधली चकती काढली की तबकड्या जवळ येतात, पट्टा वर सरकतो आणि ताणला जातो. काढलेली चकती हरवू नये म्हणून नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवतात. बाबांनी पुलीच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून पान्याने नट सोडवला. सगळ्या चकत्या बाहेर होत्या. मध्ये एकही नव्हती. म्हणजे तुटलेला पट्टा इतका ताणला गेला होता की तो आणखी घट्ट करायला जागाच उरली नव्हती. ज्याने शेवटची चकती बाहेर काढली, त्याला हा पट्टा संपला हे दिसत होते. त्याने नवीन टाकला नाही. नट आवळला, आणि कोणीतरी कागदावर "योग्य" लिहिले.

डिकीतला जादा पट्टा या गाडीचा नव्हताच. तो लांब होता. बसवून, एकही चकती मध्ये न ठेवता नट आवळला तरी अंगठ्याने दाबल्यावर तो पार आत जात होता. साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. असा सैल पट्टा घसरणार आणि पंखा पुरेसा फिरणार नाही, म्हणून बाबांनी गाडी सुरू करू दिली नाही.

दरम्यान माझा फोन बंद पडला. तुमच्या माहितीपत्रकात "गाडीत फोन चार्जिंगची सोय" असे छापले आहे. डॅशबोर्डखाली एक सॉकेट लावलेलाही आहे. पण ही गाडी ६ व्होल्टची आहे आणि तो सॉकेट १२ व्होल्टच्या चार्जरसाठी आहे. तो सकाळपासून चालत नव्हता. मध्ये कन्व्हर्टर बसवायचा, नाहीतर सोबत एक पॉवर बँक द्यायची, एवढे साधे काम होते. ते न केल्यामुळे ऐन वेळी नकाशाही गेला आणि तुमच्याशी संपर्कही. नवऱ्याच्या फोनला त्या वळणावर रेंज नव्हती. तो चालत पुढे जाऊन फोन करून आला. टोइंगची गाडी आली तोवर अंधार पडला होता. मुले रस्त्याच्या कठड्याआड बसून होती आणि बाबा टॉर्च हातात धरून वळणावर उभे राहून येणाऱ्या वाहनांना इशारा करत होते. गाडीत धोक्याचा त्रिकोण नव्हता.

पण मला सर्वांत जास्त राग येतो तो यानंतर कळलेल्या गोष्टीचा. जिथे गाडी ओढून नेली, तिथल्या मेकॅनिकने इंजिनवरच्या पेट्रोल पंपापासून कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे) जाणारा रबरी पाइप बोटांनी वाकवून दाखवला. वाकवला तिथे त्याला तडे गेले, आणि टोकाशी तो आधीच ओला होता. हा पाइप तापलेल्या इंजिनावर, ठिणगीसाठी वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या जवळून जातो. बीटलला आग लागण्याचे हे जुने आणि सर्वांना ठाऊक असलेले कारण आहे. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर आणखी लवकर खराब होते, म्हणून जाणकार मालक इथेनॉल सोसणारे पाइप घालतात आणि तेही ठराविक काळाने बदलतात. ही सगळी वस्तू हातभर लांबीचीही नाही. मागच्या सीटच्या पाठीमागे सामानाचा खण, आणि त्याच्या पलीकडे हे इंजिन. त्या सीटवर माझी मुले बसली होती.

टायरचे थोडक्यात सांगते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्ही टायरवर ३२१२ आहे, म्हणजे २०१२ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे, पण त्याला "नवीन" म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बदली म्हणून आजकालची एक साधी गाडी पाठवली आणि "सहल पूर्ण झाली, त्यामुळे परतावा लागू होत नाही" असे कळवले. आम्ही पैसे कुठूनतरी कुठेतरी पोहोचण्यासाठी दिले नव्हते. तशी गाडी आमच्याकडे घरची आहे. बाबा उरलेल्या प्रवासात मागे बसले आणि फारसे बोलले नाहीत. मुलांना ते इंजिनचा आवाज ऐकून गिअर कधी बदलायचा हे शिकवत होते, ते तिथेच थांबले.

तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर बर्था बेंझ यांची, म्हणजे मोटार बनवणारे कार्ल बेंझ यांच्या पत्नीची, गोष्ट आहे. १८८८ साली त्या आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्ट्सहाइमला नवऱ्याने बनवलेल्या मोटारीने गेल्या, वाटेत टोपीच्या पिनेने पेट्रोलची नळी साफ केली, चांभाराकडून ब्रेकला चामडे लावून घेतले. गोष्ट खरी आहे आणि मलाही आवडते. पण तुम्ही ती "वाटेतल्या अडचणी हाच क्लासिक गाडीचा आनंद" हे पटवायला वापरली आहे. त्या मोटारीला सुटे भाग विकणारे दुकान जगात कुठेच नव्हते. बीटल मात्र २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या, शेवटची मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथे २००३ साली. तिचे पट्टे, पाइप, चकत्या आजही सहज मिळतात. शिवाय बर्था बेंझ यांनी परत आल्यावर चढावर मोटारीची ताकद कमी पडते हे सांगितले, आणि कार्ल बेंझ यांनी त्यानुसार एक जादा गिअर बसवला. त्यांना कोणी "नवीन यंत्र म्हटल्यावर असं व्हायचंच" म्हणाले नाही.

माझ्या मागण्या अशा. बीटलचे संपूर्ण भाडे परत मिळावे, फक्त न वापरलेल्या दिवसांचे नव्हे. टोइंगचे आणि त्या रात्री अचानक कराव्या लागलेल्या मुक्कामाचे पैसे आम्ही भरले, तेही मिळावेत. अनामत रकमेतून "इंजिनशी छेडछाड" म्हणून कापलेली रक्कम परत करावी आणि तो शेरा माझ्या नावापुढून लेखी काढावा, कारण तो माझ्या वडिलांवर अन्याय करणारा आहे. तपासणीपत्रकावर सही करणाऱ्याने गाडी प्रत्यक्ष कधी आणि कुठे तपासली, याचा खुलासा हवा. आणि पेट्रोलचे पाइप, पट्टा व मागचे टायर बदलल्याशिवाय ही गाडी दुसऱ्या कोणत्याही कुटुंबाला देऊ नये. ही शेवटची मागणी पैशांच्या आधी पूर्ण व्हावी. ती गाडी पुढच्या सुट्टीसाठी बुकिंगला उपलब्ध असल्याचे तुमच्या यादीत आजही दिसते आहे.

तपासणीपत्रकाची प्रत, पुलीचे, पाइपचे व टायरवरच्या आकड्यांचे फोटो, मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि खर्चाच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. तुटलेला पट्टा आणि डिकीतला चुकीचा पट्टा माझ्याकडे आहेत. तुमचा माणूस पाठवून पाहता येतील, मात्र निकाल लागेपर्यंत ते मी परत देणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक म्हणून रीतसर दाद मागेन. फोनवर या विषयावर आता बोलणार नाही.

आपली,
बुकिंग करणारी ग्राहक