भिंत बुजवण्याआधी पाइपची दाबचाचणी हवीच

महोदय,

नव्या घराच्या भिंतींत पाण्याचे पाइप बसवून झाले की टाकीचे पाणी सोडून पाहायचे, कुठे थेंब दिसला नाही की गिलावा उरकायचा आणि पाठोपाठ टाइल्स लावायच्या, ही पद्धत सर्रास रूढ आहे. ही तपासणी अपुरी आहे, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पाण्याच्या १० मीटर उंचीला जेमतेम १ बार दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीचा दाब त्यामुळे बेताचाच असतो आणि तेवढ्या दाबाला सॉल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवण्याचा द्रव) न लावता नुसता दाबून बसवलेला सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपचा जोडही कित्येकदा तग धरतो. पुढे प्रेशर पंप बसला किंवा गरम पाण्याने पाइप प्रसरण-आकुंचन पावू लागला की तोच जोड सुटतो. तोवर त्यावर टाइल्स चढलेल्या असतात, ओल भलत्याच ठिकाणी उमटते आणि एका जोडासाठी अर्धी भिंत फोडावी लागते.

खरी चाचणी अवघड नाही. जोड पुरते वाळल्यावर सगळी तोंडे प्लगने बंद करावीत, गार व गरम पाण्याच्या लाइन तात्पुरत्या एकमेकींना जोडाव्यात, पाणी सावकाश भरत सर्वांत वरच्या तोंडातून हवा पूर्णपणे बाहेर काढावी आणि मग दाब दाखवणारे काट्याचे गेज लावलेल्या हातपंपाने दाब नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपट चढवावा. मात्र पाइप बनवणाऱ्या कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडू नये. प्लास्टिकचा पाइप दाबाखाली किंचित ताणला जात असल्याने सुरुवातीला काटा थोडा उतरतो, त्याने घाबरून जाऊ नये. पुन्हा पंप मारून काटा स्थिर करावा आणि त्यानंतर निदान दोन तास नजर ठेवावी. तरीही काटा हळूहळू उतरतच राहिला, तर प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू पेपर फिरवावा. पितळी आट्यांच्या जोडांपासून सुरुवात करावी, कारण आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप कमी पडल्याची खूण बहुधा तिथेच सापडते. पाण्याऐवजी कॉम्प्रेसरने हवा भरण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला, तर ठाम नकार द्यावा. दाबलेल्या हवेने प्लास्टिकचा जोड फुटला तर त्याचे तुकडे उडून माणूस जखमी होऊ शकतो.

माझा सर्वाधिक आग्रह आहे तो पुढच्या गोष्टीसाठी. चाचणी झाल्यावर दाब सोडून न देता गिलावा आणि टाइल्सचे काम संपेपर्यंत गेज जागेवरच ठेवावे आणि भिंत बुजवण्याआधी मोजमापाची टेप धरून पाइपांचे फोटो काढून ठेवावेत. ही अट ठेकेदाराशी होणाऱ्या करारातच लिहावी आणि प्लंबिंगचा शेवटचा हप्ता तिच्याशी जोडावा. चोख काम करणाऱ्या प्लंबरला यात अविश्वास वाटण्याचे कारण नाही. उलट नंतर गवंड्याची छिन्नी किंवा ड्रिल पाइपला लागले, तर काटा तत्क्षणी खाली येतो आणि दोष प्लंबरच्या जोडाचा नाही, हे सर्वांसमक्ष स्पष्ट होते.

आपला,
एक वाचक